वीस मीटर

गणतीवाल्यांनी हरिणीचा खालचा जबडा अंगठ्याने ओढला आणि बॅटरीचा झोत आत सोडला. हरीण आणणारे दातांचे डॉक्टर खिशात हात घालून बाजूला उभे होते. समोर तोंड उघडलेलं आहे आणि त्यात दुसराच कोणी डोकावतोय, याची त्यांना सवय नसावी.

"मागची दाढ झिजलेली नाही," गणतीवाले म्हणाले. "अडीच वर्षं."

"तीन असेल."

"अडीच."

"बरं बाबा, अडीच. पेशंट तुमचा."

गणतीवाल्यांनी वहीत अडीच लिहिलं. मग कास दाबून पाहिली. बोटांना दूध लागलं. वहीत त्यासाठीही रकाना होता. त्यात त्यांनी बरोबरची खूण केली आणि बोटं पँटला पुसली.

रानाच्या तोंडाशी असलेलं हे नोंदणी नाकं म्हणजे एक पत्र्याची शेड, एक लोखंडी टेबल आणि वर टांगलेला वजनकाटा. शिकारीच्या हंगामात परवानेवाल्याने मारलेलं प्रत्येक हरीण आधी इथे आणायचं, गणतीवाल्यांनी त्याचं वय आणि वजन लिहायचं, मग ते घरी न्यायचं. हंगामाचा आज तिसरा दिवस होता आणि हे तेविसावं हरीण होतं. हंगाम नसताना गणतीवाले जिवंत हरणं मोजत. खात्याची काटकसर अशी की दोन्ही कामांना माणूस एकच.

"मागच्या वर्षी आठवडाभर झुडपांत अंग ओरबाडून घेतलं, शेपूटसुद्धा दिसलं नाही," डॉक्टर खुशीत सांगत होते. "यंदा गाडीतून उतरायचंही काम नाही. आगीनं सगळं मोकळं करून टाकलंय. इथून तिथपर्यंत सरळ दिसतं."

"किती लांबून मारलंत हिला?"

"दीडशे मीटर. सहज."

गणतीवाल्यांचं पेन थांबलं. डॉक्टरांनी हरीण गाडीत घातलं, हात हलवला, गाडी निघून गेली, तरी ते टेबलापाशी तसेच उभे होते.

हरणं मोजायची पद्धत साधी आहे आणि साधी असल्यामुळेच तिच्यावर जाड अहवाल निघतात. रानातून आठ किलोमीटरची एक सरळ वाट आखलेली असते. सकाळी तिच्यावरून चालायचं, दिसलेली हरणं लिहायची आणि दोन्ही बाजूंना किती मीटरपर्यंत दिसतं तेही लिहायचं. एवढ्या पट्ट्यात एवढी, तर वीस चौरस किलोमीटर रानात किती, हा पुढचा हिशेब शाळेतला पोरगाही करेल. नोकरीच्या पहिल्या वर्षी गणतीवाल्यांनी दोरी धरून पट्टा मोजला होता. झुडपं अशी दाट की वीस मीटरपलीकडे काही दिसत नव्हतं. पुढची सव्वीस वर्षं ते त्या रकान्यात वीस लिहीत आले. झुडपं तेवढीच दाट राहिल्यामुळे ते दरवर्षी बरोबरही निघत आलं. वाटेवर चारेक हरणं दिसायची, हिशेबाने रानात अडीचशे निघायची, पंचवीस परवाने सुटायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात रान अकरा दिवस जळलं. दोन महिन्यांनी गणतीवाले वाटेवर निघाले ते शून्य लिहायच्या तयारीनेच. दोन किलोमीटर नुसती काळी खोडं. तिसऱ्या किलोमीटरला राखेतून बोटभर हिरवं उगवलं होतं आणि त्या हिरव्यावर हरणं माना खाली घालून चरत होती. एकोणीस. सव्वीस वर्षांत त्यांना एका सकाळी एकोणीस हरणं कधी दिसली नव्हती. गणतीवाले जळक्या खोडाला टेकले आणि शर्टाला काळं लागतंय याचं भान न ठेवता रडले. मग डोळे पुसून त्यांनी रकाने भरले. दिसलेली हरणं एकोणीस. दृष्टीचा पट्टा वीस मीटर. हे दुसरं हाताने आपलं आपण लिहिलं.

हिशेब निघाला अकराशे सत्त्याऐंशी. खात्यात आनंदीआनंद झाला. 'आगीनंतर हरणांत पावणेपाच पट वाढ' असा गुळगुळीत कागदावर अहवाल निघाला. रान जळल्याबद्दल खात्याला जी बोलणी बसत होती, ती थांबली. जळणं ही एक योजना होती की काय, असंही काही जण विचारू लागले. अहवालात गणतीवाल्यांचा फोटो होता, त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते. परवाने सुटले एकशे अठरा.

डॉक्टर हरीण घेऊन गेले त्या संध्याकाळी बायको शेंगा सोलत बसली होती. गणतीवाले वर्तमानपत्राच्या कडेला आकडे मांडत होते.

"एकशे अठ्ठावन्न," ते म्हणाले.

"काय एकशे अठ्ठावन्न?"

"हरणं. पूर्ण रानात मिळून. वीस मीटर नाही, दीडशे मीटर दिसत होतं मला. अकराशे नाहीतच. आणि एकशे अठ्ठावन्नातली एकशे अठरा मारायला मी सांगून बसलोय."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी वाट्या धुवून ठेवल्या तरी तुम्ही मोजता. एक कमी निघाली तर कचऱ्याचा डबा उपसता. मग हे कसं चुकलं?"

"आनंद झाला होता."

तिने हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाली, "उद्या जाऊन सांगून टाका."

"अगं, सहा महिने राहिलेत निवृत्तीला. निरोप समारंभाची वर्गणीसुद्धा गोळा झालीय."

"समारंभाला हरणं येणार आहेत का?"

दुसऱ्या दिवशी गणतीवाले साहेबांच्या खोलीत गेले. साहेब म्हणजे मॅडम होत्या, गणतीवाल्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी हिशेब आधी कॅल्क्युलेटरवर केला, मग मोबाइलवर केला. यंत्र बदललं की उत्तर बदलेल, अशी आशा त्यांच्या चेहऱ्यावर होती.

"काका, आकडा वाढला तर कोणी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "कमी झाला की समिती बसते. मोठे साहेब या आकड्यावर परिषदेत बोलून आलेत. टाळ्या घेऊन आलेत."

"टाळ्या राहू द्या त्यांच्याकडे. परवाने तेवढे परत मागवा."

"हंगाम तीन आठवड्यांचा आहे. तो जाऊ दे. पुढच्या गणतीत हळूच दुरुस्त करून घेऊ. तुमच्या पेन्शनचाही विचार करा ना जरा."

"पुढच्या गणतीत कोणाला मोजू, मॅडम?"

मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. पण पद्धतीची त्रुटी असं लिहू या. पद्धतीला कोणी निलंबित करत नाही."

"पद्धत बरोबर आहे. वीस मी लिहिलं."

त्यांनी तसंच लिहिलं, खाली सही केली आणि अर्ज वर गेला. वर जायला त्याला नऊ दिवस लागले. वाटेत तो दोन टेबलांवर झोपला, एका टेबलावर हरवला आणि चौथ्यावर सापडला. मॅडम रोज फोन करत होत्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

ते नऊ दिवस गणतीवाले नाक्यावर बसून होते. बायको म्हणाली, रजा घ्या. पण बदलीचा माणूस आला असता तर त्याने वयं अंदाजाने ठोकली असती. गणतीवाल्यांनी प्रत्येक जबडा उघडला, प्रत्येक दाढ पाहिली, एकदाही चुकले नाहीत. एका दुपारी दूध असलेल्या चार हरिणी लागोपाठ आल्या. चौथीच्या रकान्यात खूण करून ते बाहेर नळाखाली हात धुवायला गेले. रांगेतल्या गाड्यांनी दोनदा हॉर्न वाजवला, तरी ते हात धुतच होते.

हंगामाच्या तेराव्या दिवशी सकाळी हुकूम आला. 'गणती कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे' शिकारीचा हंगाम तत्काळ बंद, कर्मचाऱ्याची चौकशी सुरू. वहीत तोवर एकसष्ट हरणं झाली होती. गणतीवाल्यांनी हुकूम स्वतःच फाटकावर चिकटवला. कागद वाकडा लागला म्हणून काढून पुन्हा सरळ लावला.

तेवढ्यात डॉक्टरांची गाडी आली. त्यांनी उतरून हुकूम वाचला.

"हा निष्काळजी कोण?"

"मी."

"काहीतरीच काय. दाढेवरून माझ्याशी भांडणारा माणूस तुम्ही." डॉक्टरांनी खिशातून परवाना काढला. "माझं अजून एक बाकी होतं, काका. दवाखाना बंद ठेवून आलोय."

"हरणं फार थोडी आहेत, डॉक्टर. मी जास्त मोजली. तुम्ही त्या दिवशी दीडशे मीटर म्हणालात, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नाहीतर अजून सत्तावन्न गेली असती."

डॉक्टरांनी एकदा फाटकाकडे पाहिलं, एकदा रिकाम्या टेबलाकडे. "ती अडीच वर्षांची, माझीवाली. तिला पाडस असेल ना?"

"असेल."

डॉक्टर गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "डावीकडची दाढ दुखते ना तुमची? बोलताना कळतं. या कधी दवाखान्यात." मग त्यांनी गाडी वळवली.

दुपारी नाक्याला कुलूप लावून गणतीवाले वाटेवर निघाले. हातात वही नव्हती, कारण सकाळच्या हुकुमानुसार वही मॅडमकडे जमा झाली होती. तिसऱ्या किलोमीटरचं हिरवं आता पोटरीपर्यंत आलं होतं. त्या वाटेवर चरण्यासारखी जागा ती एवढीच. हरणं तिथेच होती.

पूर्वी त्यांना पाहून हरणं मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची. या माणसापासून काही होत नाही, हे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या माहीत असावं. आज ते दोनशे मीटरवर असतानाच सगळ्या माना एकदम वर झाल्या आणि हरणं पळत सुटली. हिरवं संपतं तिथे जळक्या खोडांआड जाऊन ती उभी राहिली. पुढे नुसती राख होती, जायला जागा नव्हती. ती तिथून यांच्याकडे बघत होती आणि अधूनमधून त्या गवताकडे.

गणतीवाले जागचे हलले नाहीत. हरणंही हलली नाहीत. ऊन कलायला लागलं.

मग गणतीवाल्यांनी त्यांच्याकडे पाठ केली आणि वाटेवर मांडी घालून बसले. गुडघा दुखत होता, तो हाताने चेपत राहिले. समोर काळी खोडं आणि त्यांच्या लांबत गेलेल्या सावल्या. बऱ्याच वेळाने मागे कुठेतरी गवत तुटल्याचा बारीक आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक, मग त्याच्या उजवीकडे एक.

गणतीवाल्यांनी मागे वळून पाहिलं नाही.