काटा नव्वदवर येईपर्यंत

भाऊजींनी पन्नाशी ओलांडेपर्यंत लग्नाचं नाव काढलं नाही, आणि शेवटी एकदाचं ठरवलं तर लग्नाच्या आठवड्यातच न्हाणीघरात घसरून उजवा हात मोडून घेतला. हात प्लास्टरमध्ये आणि त्यांची लाडकी लाल स्पोर्ट्स कार घरच्या गॅरेजमध्ये उभी. बसमधून किंवा दुसऱ्याच्या गाडीतून लग्नाला जायचं, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

सख्ख्या भावाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, लगेच हात पुढे केला. "मी चालवतो की!"

"तू क्लचवर पाय ठेवून झोपतोस," भाऊजींनी तोंडावर सांगितलं. "वहिनी चालवतील."

भाऊ फुरंगटून आपली जुनी गाडी घेऊन पुढे निघून गेला. साक्षीदार म्हणून सही त्यालाच करायची होती.

वहिनी पोस्टाची व्हॅन चालवायची. पंधरा वर्षं. ती व्हॅन चढ दिसला की म्हाताऱ्यासारखी धापा टाकायची आणि उतारावर सगळे सांधे वाजवायची. त्यामुळे भाऊजींनी किल्ली हातावर ठेवली तेव्हा वहिनीच्या पोटात गुदगुल्या झाल्या. पण तसं दाखवलं नाही. "हो, बघते," एवढंच म्हणाली.

त्या सकाळी थंडी अशी होती की बोललं की तोंडातून वाफ निघत होती. गॅरेजच्या नळाचं पाणी गोठलं होतं. त्यात उशीर झालेला. भाऊजींनी एका हाताने टाय बांधायचा हट्ट धरला होता, आणि शेवटी तो वहिनीनेच बांधला.

"चालू करा. पण ऍक्सिलरेटरला पाय लावायचा नाही हं."

वहिनीने बटण दाबलं. गाडी अशी डरकाळी फोडून उठली की समोरच्या खिडकीतलं मांजर पडद्यामागे पळालं. थोड्या वेळात आवाज खाली आला, इंजिन शहाण्यासारखं गुरगुरायला लागलं.

"चला आता," भाऊजी म्हणाले. "उभ्या उभ्या तापवत बसण्यात अर्थ नसतो, चालता चालताच तापवायची. पण हळूच. इंजिनच्या फेऱ्यांचा हा काटा अडीच हजारांच्या वर गेला, तर मी लग्नाला येत नाही."

"भाऊजी, लग्न तुमचं आहे!"

"इंजिनही माझंच आहे."

मग गॅरेजपासून कोपऱ्यापर्यंत त्यांनी इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो म्हणजे काय ते सांगितलं. आतलं चिमुकलं चाक सेकंदाला हजार-दोन हजार फेऱ्या मारतं, आणि त्याचा दांडा फिरतो तो तेलाच्या पातळ पापुद्र्यावर. "आत्ता ते तेल मधासारखं घट्ट आहे, वहिनी. अशात पाय दाबला तर बिचाऱ्याने फिरायचं कशाच्या आधारावर? तेल नव्वद डिग्रीला येऊ द्या. मग तुम्ही आणि तुमचं नशीब."

तेल होतं बावीसला.

असं त्यांचं वऱ्हाड निघालं. गावातली सगळ्यात वेगवान गाडी, आणि कचऱ्याचा ट्रक तिला मागे टाकून गेला. मग कुत्र्याबरोबर धावणारी एक बाई पुढे गेली. कुत्र्याने वळून पाहिलं. चौकाच्या चढावर खांद्यावर शिडी घेतलेले एक आजोबा सायकलवरून बरोबरीला आले आणि कळवळ्याने खिडकीत वाकले.

"बिघडली का हो?"

"नाही, आजोबा. लाजतेय," वहिनी म्हणाली.

आजोबा मान डोलावत पुढे निघून गेले. वहिनीला हसू फुटलं. भाऊजी मात्र तेलाच्या काट्यावर डोळा ठेवून बसले होते. चौतीस. एकेचाळीस. वर्गात आपल्या पोराचा नंबर येतोय की नाही हे पाहणाऱ्या बापासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

एवढ्यात फोन वाजला. नवरी. कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण, पहाटे तीनला उठून भट्टी पेटवणारी, बोलण्यात एकदम रोखठोक. भाऊजींनी डाव्या हाताने कसाबसा फोन स्पीकरवर टाकला.

"कुठे आहात? आपल्यामागे आणखी दोन जोडपी आहेत. नंबर गेला तर रजिस्ट्रारबाई थेट दुपारी बोलावतील."

आता काहीतरी सबब सांगावी ना माणसाने! रस्ता बंद आहे, पंक्चर झालंय, काहीही. भाऊजी म्हणाले, "तेल पासष्टला आहे."

वहिनीने जीभ चावली. झालं, ही बाई आता फोनवरच लग्न मोडते.

"आणि इंजिनचं पाणी?" नवरीने विचारलं.

"पाणी केव्हाच नव्वद."

"पाण्यावर जाऊ नकोस. आमच्या भट्टीचंही तसंच, वरून तापलेली वाटते आणि तळ गार असतो. तेल तापू दे नीट. मी बाईंना बोलण्यात गुंतवते."

फोन बंद झाला. भाऊजींचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंत, वहिनी? पन्नास वर्षं मी उगाच थांबलो होतो का?"

वहिनीला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं, भाऊजीही खिदळायला लागले, आणि प्लास्टर दरवाजावर आपटून "आई गं!" म्हणून पुन्हा खिदळले. दोघं शाळेतून पळालेल्या पोरांसारखी हसत होती. हसत हसतच गाडी गावाबाहेर बायपासला लागली. समोर सरळसोट, मोकळा, कोरडा रस्ता.

भाऊजींनी काट्याकडे बोट दाखवलं. "वहिनी."

"हं?"

"नव्वद."

वहिनीने गिअर तिसऱ्यात टाकला आणि पाय दाबला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग बॉनेटखाली कुणीतरी लांबलचक शीळ घातली आणि मागून जणू अख्ख्या रस्त्याने धक्का दिला. वहिनीची पाठ सीटला चिकटली. झाडं, खांब, मघाचा कचऱ्याचा ट्रक, सगळं भुर्रकन मागे गेलं. तिच्या तोंडून एक किंकाळी निघाली. भीतीची नव्हती ती. एवढा मोठा आवाज आपल्या गळ्यात राहतो हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

"चौथा! चौथा टाका!" भाऊजी ओरडले.

तिने चौथा टाकला. बायपासची वेगमर्यादा हां हां म्हणता आली, तशी तिने मोठ्या कष्टाने पाय उचलला. गाडीने फुस्स करून सुस्कारा सोडला. वहिनीने तो आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून आणखी दोनदा तसंच केलं. भाऊजी नुसती मांडी थोपटत राहिले.

रजिस्ट्रार ऑफिससमोर ब्रेक लागला तेव्हा नवरी निळ्या कोटात पायऱ्यांवरच उभी होती. वहिनी घाईघाईने इंजिन बंद करायला गेली.

"नका! नका बंद करू!" भाऊजी किंचाळले. "आता टर्बो तापलाय. जरा वेळ निवांत चालू राहू दे, नाहीतर आतलं तेल जळेल."

"भाऊजी, आता मात्र हद्द झाली!"

पण नवरीने दार उघडलं, भाऊजींच्या सीटमागे जेमतेम मांजर मावेल एवढ्या जागेत स्वतःला कोंबलं आणि म्हणाली, "थांबू की. कशी पळाली?"

"वहिनींना विचार."

वहिनीचे केस उभे राहिले होते आणि स्टिअरिंग तिने अजून सोडलं नव्हतं. तेवढ्यात जाड चष्म्याच्या रजिस्ट्रारबाई स्वतः पायऱ्या उतरून आल्या आणि खिडकीवर टकटक केलं.

"आत येताय, की इथेच सह्या घेऊ?"

"टर्बो थंड होतोय, बाई," नवरीने मागून सांगितलं.

बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "बरं. तेवढ्यात नवरदेवानेही डोकं थंड करून घ्यावं. नंतर माझ्याकडे तक्रार चालणार नाही."

भाऊजींनी डावा हात मागे नेला. नवरीने तो घट्ट धरला, आणि इंजिन मंद गुरगुरत असताना तिघंही बसून राहिली.

पुढे लग्न चुटकीसरशी झालं. भाऊजींची डाव्या हाताची सही कोंबडीने पाय खरडावेत तशी आली. साक्षीदार भाऊ रडला आणि सर्दी झालीये म्हणाला. सगळे जेवायला निघाले तेव्हा नवरा-नवरीला ऐसपैस बसता यावं म्हणून त्यांना भावाच्या जुन्या गाडीत घातलं. लाल गाडी मागून आणायचं काम वहिनीवर आलं.

हॉटेल दोन गल्ल्या पलीकडे होतं. वहिनी पोचली तेव्हा पहिल्या वाढपाची ताटं रिकामी झाली होती.

"एवढा वेळ कुठे होतीस?" तिच्या नवऱ्याने विचारलं.

"ट्रॅफिक होतं," वहिनी म्हणाली आणि गालातल्या गालात हसत खुर्ची ओढून बसली.