मंगळवारचा कौल

रियाच्या डोक्यातल्या गाठीतून सगळ्यांत मोठा फायदा व्हायचा होता तो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर संचिताचा. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या गाठी हे तिचं संशोधन. काढलेल्या गाठीचा तुकडा तिला जागच्या जागी गोठवायला हवा होता. त्यासाठीची द्रव नायट्रोजनची टाकी मुंबईहून गोव्याच्या इस्पितळात बुधवारी यायची होती, म्हणून ऑपरेशन गुरुवारी.

नांदगावच्या विठोबाआजोबांनी नातीच्या ऑपरेशनआधी तोंडावरच विचारलं, "ह्यात तुझो काय फायदो गो?"

"गाठीचो तुकडो गावतलो. पुढच्या पोरांका औषध शोधूक."

"कुणकेश्वरच्या सत्यवतीचा चेडू मा तू? आवस सुरमयचे तुकडे इकता, तू जमव!" मासे विकणाऱ्या आईच्या या लेकीला म्हाताऱ्याने हसत संमती दिली. मात्र देवाला विचारून.

रविवारी देवळात कौल लावला. गुरवाने मूर्तीवर डावी-उजवीकडे पाकळ्या चिकटवल्या. विठोबांनी गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, येत्या गुरवारी चेडवाचा ऑपरेशन करूचा काय?"

डावी पडली. नकार.

"आता जत्रेनंतर बघू," घरची मंडळी उठलीच. रियाला रोज सकाळी उलट्या होत होत्या, चालताना तोल जात होता. जत्रेला अजून महिना होता; इतके दिवस थांबणं तिला झेपणारं नव्हतं. तुकड्याच्या काळजीने देवळात आलेली संचिता पुढे झाली.

"आजोबा, देवान गुरवार नको म्हटल्यान. ऑपरेशनच नको, असा खंय म्हटल्यान?"

विठोबा परत बसले. "मगे कधी?"

थिएटर मंगळवारी मोकळं होतं, नाहीतर थेट पुढच्या गुरुवारी. तोवर टाकीही आलेली असती. हे संचिताला सुचलं नसेल, इतकी काही ती भोळी नव्हती. पण तिने रियाकडे पाहिलं. पोरीचा एक डोळा तिरळा व्हायला लागला होता.

"मंगळवार इचारा."

उजवी पडली.

मंगळवारी गाठ अख्खी निघाली. तुकडा औषधाच्या बाटलीत पडला. तपासणीला पुरेसा, संशोधनाला निकामी. टाकी बुधवारी अगदी वेळेवर आली.

"गावलो मगे तुझो तुकडो?" विठोबांनी विचारलं.

"नाय. टाकी नव्हती."

"आधी सांगूक नको? देवाक समजावलं असतंय!"

रियाने ऑपरेशनसाठी केस दिले, ते वाढतील. विठोबांनी देवाला कोंबडा दिला आणि उपकार फिटले म्हणून ते निवांत झाले. देवाचं काही गेलं नाही. वर्षभर वाट पाहिलेला तुकडा गेला, तो एकट्या संचिताचा.