दोन जावांच्या हातातला बाण

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. इतका जुना, की माझं बटण दाबून लोक दुसरं एखादं काम उरकून येतात. मित्रांनो, माझं आयुष्य भरतकामाच्या एका कारखान्यात गेलं. भरतकामाचं मोठं मशीन आलं, त्याच दिवशी मीही आलो. माझ्यावर नक्षी आखायची, ती तारेतून मशीनकडे जायची आणि मशीन ती कापडावर उतरवायचं. माझ्यासारखी प्रणाली आता कुणी बनवत नाही. पण मशीनला दुसऱ्या कुणाची भाषा कळत नाही, म्हणून मी टिकलो.

कारखाना दोन जावांचा. थोरली नक्षी आखायची, धाकटी मशीन चालवायची. दोघी कामाला वाघ, पण आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. धाकटी फडकं घेऊन माझ्याजवळ आली तरी थोरली म्हणायची, "अगं, त्याला हात नको लावूस. काहीतरी पुसून टाकशील."

"धूळच पुसतेय, ताई. तुमची कला नाही."

एकदा अग्निशमन दलाच्या नव्या गणवेशांसाठी बिल्ल्यांचं काम मिळालं. इतकं मोठं काम पहिल्यांदाच आलं होतं. नक्षी अर्धी झाली आणि थोरली जिन्यावरून घसरली. पाय मोडला. अंथरुणावरून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मग ती फोनवरून सांगू लागली, "वरचं ते चौकोनी चिन्ह दाब."

"इथे सगळीच चौकोनी आहेत, ताई!"

दोघींचे आवाज चढत आणि नक्षी होती तिथेच राही.

थोरलीच्या घरी लॅपटॉप होता, पण त्याची प्रणाली वेगळी. घरबसल्या माझ्याशी जोडून देणारा विकतचा प्रोग्रॅम त्याच्यावर चालेचना. शेवटी तिच्या यजमानांनी एक मुक्त सॉफ्टवेअर शोधलं. मुक्त म्हणजे नुसतं फुकट नव्हे. ते कसं बनलंय हे कुणीही उघडून पाहावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. एक भाग माझ्यात बसवला, दुसरा लॅपटॉपमध्ये. पासवर्ड ठरवला आणि माझा पडदा थोरलीच्या पलंगावर उघडला! तिने तिकडे माउस हलवला की इकडे माझा बाण हलू लागला.

नक्षी पूर्ण झाली. धाकटीने नमुना काढायला घेतला आणि बिल्ल्यावरच्या ज्वाळेच्या टोकाशी धागा तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तिने माझ्यासमोर बसून टाके आडवे केले. थोरलीने ते तिकडून उभे केले. एकीने बाण डावीकडे ओढला, दुसरीने उजवीकडे. दोन बायका, फजिती ऐका म्हणतात. माझी तर दोन माउसांनी केली. मी ऐकू कुणाचं?

शेवटी धाकटीने कोरं पान उघडलं आणि टाइप केलं, "ताई, तुम्हाला पडदा दिसतो, मशीन दिसत नाही. इथे धागा खरंच तुटतोय."

बाणाची ओढाताण थांबली. मग त्याच पानावर एकेक अक्षर उमटलं, "बरं. आडवे करून बघ."

धागा तुटला नाही, पण कापड चुणलं. धाकटीने तेही लपवलं नाही, फोटो काढून पाठवला. थोरलीने ज्वाळेखाली आधाराचे विरळ टाके घातले आणि बिल्ला असा सपाट, असा लखलखीत उतरला, की धाकटी एकटीच टाळ्या वाजवू लागली.

बिल्ले वेळेवर गेले. दलाच्या अधिकाऱ्यांनी कौतुक केलं. माझं नाव कुणी घेतलं नाही. त्याची मला सवय आहे. थोरली काठी टेकत कारखान्यात आली, तशी धाकटी माझ्यासमोरच्या खुर्चीवरून लगबगीने उठली. थोरलीने खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"बस गं. आज तू आख. मी मशीनपाशी बसते."

मित्रांनो, हल्ली माझा पंखा घरघरतो. अधूनमधून माझी धूळ पुसा, एवढंच मागणं. आणि जे कुणा अनोळखी माणसांनी तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय, ते फुकट मिळालं म्हणून फुंकून टाकू नका. त्यात काही बिघडलं, तर बनवणाऱ्यांना नीट कळवा. लॅपटॉपवरून टाइप केलेल्या वेलांट्या माझ्यापर्यंत नीट पोचत नसत. धाकटीने तसं कळवलं. कुठल्या तरी दूरच्या खोलीत कुणीतरी बसून ती चूक दुरुस्त केली.

आता वेलांट्या पोचतात.