गुळगुळीत सरकी

चारू अडीच वर्षांची झाली तरी कशाला हात लावायची नाही, आपल्या हातानं काही तोंडात घालायची नाही. वाळू नको, पीठ नको, आजीचा पदरसुद्धा नको. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महागडी खेळणी राहू द्या, परातीत धान्य द्या, बिया द्या, चाचपू द्या तिला; स्पर्शाची भीती हळूहळू जाईल. म्हणून सुवर्णा रजा टाकून लेकीला घेऊन नेरडीगोंड्याजवळच्या सासरी आली होती.

तिच्या सासूबाई, कुसुमबाई, हौसेनं कामाला लागल्या. घरची सरकी बिटाच्या रसात रंगवली, वाळवली, परातीत ओतली. चारूनं एका बोटानं शिवून पाहिलं आणि भोकाड पसरलं. सरकीवरची लव तिला सोसेना. दुसऱ्या दिवशीही तेच. आता नातीपुढे हार मानतील तर त्या कुसुमबाई कसल्या.

सुवर्णा आंघोळीला गेली तशी त्यांनी फळीवरचं पाकीट काढलं. पेरणीतून उरलेलं कपाशीचं बियाणं, लव काढलेलं, गुळगुळीत, लालभडक. त्याला कीड मारायचं विषारी औषध चोळलेलं असतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण दर मिरगाच्या पेरणीला हेच बियाणं ओटीत घेऊन त्या उघड्या हातांनी मातीत टोबत आल्या होत्या, हात धुऊन भाकर खात आल्या होत्या, कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं. आणि ही पोरगी काही तोंडात घालतच नाही, तेच तर तिचं दुखणं. त्यांनी सरकी काढून ठेवली आणि पाकीट परातीत रिकामं केलं.

चारूनं एक बी उचललं. मग मूठ भरली. मग दोन्ही हात मनगटापर्यंत खुपसून ती खिदळली. कुसुमबाईंना इतका आनंद झाला, की त्या सुनेला हाक मारायला न्हाणीकडे धावल्या.

परत येऊन पाहतात तर पोरीचे ओठ लाल आणि गाल फुगलेला.

मागून सुवर्णा ओल्या केसांनीच आली. "आई, पाह्यलं का, तोंडात घातलं तिनं, सोताहून. थांबा, चारूच्या बाबाले फोटो पाठवतो." ती हसत होती. "होऊ द्या लाल, बीटच तं हाय."

कुसुमबाईंच्या मनात आलं, नुसतं हो म्हणायचं आणि पोरीचं तोंड गुपचूप धुऊन टाकायचं, कोणाला कळणार होतं? आणि कळलं तर सून काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल? तेवढ्यात चारू कचाकचा चावायला लागली.

"बीट नाही, सुवर्णा. पाकिटातलं बी हाय. म्याच टाकलं."

सुवर्णानं मोबाइल टाकला आणि पोरीच्या तोंडात बोट घातलं. काही बिया निघाल्या, काही नुसती टरफलं. पोटात किती गेलं, ते कोण सांगणार?

शेजारच्या देवाजीनं गाडी काढली. हायवेभर कुसुमबाई रिकामं पाकीट पदरात गुंडाळून बसल्या होत्या, डॉक्टरला दाखवायला. सुवर्णा त्यांच्याकडे बघत नव्हती. पोरीचे डोळे मिटायला लागले की ती तिला हलवायची. जन्मभर कशाला हात लावू नको माय, त्या मनात म्हणत होत्या, पण डोळे उघडे ठेव.

दवाखान्यात डॉक्टरनं पाकीट वाचलं, सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. शेवटी म्हणाला, "फार गेलेलं नाही, धोका टळला. लगेच सांगितलंत ते बरं केलंत."

सुवर्णा तेव्हा कुठे रडली. मग म्हणाली, "आई, या इकडं. बसा तिच्यापाशी."

कुसुमबाईंनी नळावर कितीदा तरी हात धुतले होते, तरी नखांतला लाल रंग जात नव्हता. त्या हात मागे धरून खाटेजवळ आल्या. चारू जागी होती. तिनं आजीकडे पाहिलं आणि आपण होऊन हात पुढे केला. कधी न शिवलेला पदर तिनं मुठीत धरला, चाचपला आणि तोंडाकडे नेला.

त्याच पदरात ते पाकीट गुंडाळलेलं होतं. कुसुमबाईंनी तो इतक्या जोरानं हिसकला, की पोरगी दचकली. तिनं बोटं आखडून घेतली आणि रडायला लागली. तिला जवळ घ्यायचं त्यांना धाडस होईना. पदर छातीशी घट्ट धरून त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.