अंगणाला कुलूप

पांढरं, एका बाजूची पिसं मोडलेलं, बाल्कनीत कूलरच्या पायाशी आडवं पडलेलं ते बॅडमिंटनचं फूल — त्याला हात लावायचा नाही, इरजने स्वतःला बजावलं आणि तो चिमटा आणायला आत गेला. चिमट्याने उचलून त्याने ते क्लोरीनच्या बादलीत सोडलं. ते बुडेना. दाबून धरावं, सोडलं की पुन्हा वर... खालच्या कारामतच्या मुलींचं फूल. काल दिवसभर दोघी अंगणात खेळत होत्या, आणि त्यांच्याबरोबर मावशीची दोन मुलं, आणि ती मुलं कुठल्या गल्लीतून, कुणाच्या खोकल्यातून उठून आली हे विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर कारामत दात काढून म्हणाला असता, "इरज आगा, शिराझच्या उन्हात माशी तग धरत नाही, तुमचा व्हायरस कुठला धरतोय!"

तुमचा व्हायरस. जणू मीच तो चीनहून पिशवीत घालून आणला.

एकतीस वर्षं इरजने मोजणीखात्यात काढली होती, डोंगर मोजले, दऱ्या मोजल्या, भावाभावांच्या भांडणातल्या बागा मोजल्या, तेव्हा हे अंगण मोजायला त्याला दहा मिनिटंही लागली नव्हती. अकरा मीटर बाय सात, त्यातून हौद वजा, नारिंगाचं झाड वजा. दोन-दोन मीटरवर त्याने स्वतः गुडघे टेकून खडूचे चौकोन आखले होते, बसायचंच असेल तर एका चौकोनात एक माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतून पाहतो तर मुली त्या चौकोनांवर लंगडी खेळतायत, आणि अकदस — त्यांची आई, एवढी पन्नाशीची बाई — पदराआड म्हणावं तसं ओढणीच्या टोकाआड हसतेय. हसू दे. ज्यांना गमवायचं काही नसतं त्यांना हसू लवकर येतं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याचं समाधानही झालं.

आज नवरोझचा, नव्या वर्षाचा, तेरावा दिवस. आज घरात बसायचं नसतं. दर वर्षी या वेळेला निम्मं शहर गालिचे आणि चहाच्या किटल्या घेऊन गावाबाहेर ओढ्याकाठी पसरलेलं असतं, आणि त्याची बायको पूरान कुठल्यातरी झाडाखाली लेट्यूसचं एक-एक पान सिकंजबीनच्या गोड-आंबट पाकात बुडवून त्याच्या तोंडात कोंबत असते, "खा रे, मोजत काय बसलास!" यंदा बागा बंद, गावाबाहेरच्या रस्त्यांवर पोलीस. म्हणून खालच्यांनी ठरवलं की अंगणातच करू. परवा जिन्यात त्यावरून जुंपली.

"बागा बंद, डोंगर बंद, कबरस्तानसुद्धा बंद," अकदस म्हणाली होती. "अंगण तरी आपलं ठेवाल की नाही?"

"अंगण सगळ्यांचं आहे, अकदस खानुम. म्हणूनच तिथे कुणी गर्दी करायची नाही."

"गर्दी कसली? आम्ही चौघं, माझी बहीण, तिची दोन पोरं. आणि तुम्ही दोघं आलात तर."

"आम्ही यायचा प्रश्नच नाही."

"पूरान जानला विचारलंत?"

"तिला काय विचारायचं!"

यावर कारामत हळूच म्हणाला, "इरज आगांची उतारवयात पोलिसात भरती झालेली दिसते," आणि मुली फिस्सकन हसल्या. काल संध्याकाळी इरजने अंगणाच्या दाराला कुलूप घातलं. इमारतीचा कारभार त्याच्याकडे होता, कुलूपही त्याचंच होतं. किल्ली पायजम्याच्या खिशात. चालताना ती मांडीला लागायची आणि बरं वाटायचं.

खरं कारण सांगता आलं असतं तर... एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. पण ते वाक्य गेल्या शरद ऋतूपासून त्याने गिळून ठेवलं होतं. दवाखान्याच्या बोळात, पूरान आत कपडे बदलत असताना, डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं की फार तर पुढचा वसंत बघतील, उन्हाळ्याचं सांगता येत नाही. तेवढ्यात ती बाहेर आली, ओढणी नीट करत. "काय म्हणाले?" आणि इरज म्हणाला होता, "गाठ साधी आहे. औषध तेवढं कडक देणार आहेत." एवढं सफाईने, एवढं पटकन, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्यानंतर केस गेले तेव्हा 'औषध कडक आहे', उलट्या झाल्या तेव्हा 'औषध लागू पडतंय', वजन उतरलं तेव्हा 'चला, बारीक झालीस'. आजाऱ्याला आजार सांगायचा नाही, इरजच्या आईलाही कुणी सांगितलं नव्हतं, वडिलांनाही नाही. आयुष्यात कधी खोटा आकडा न लिहिलेला माणूस मी, सहा महिने बेमालूम खोटं बोललो. आणि या कामात मी चांगला निघालो. आता तिच्या अंगात प्रतिकार म्हणून काही उरलेला नाही. एक शिंक पुरे. वसंत बघतील असं डॉक्टर म्हणालेत, तर पुरा वसंत मी तिला देणार, एक दिवस कमी नाही. खालच्यांना त्यांच्या पिकनिका लखलाभ.

पूरान खिडकीशी खुर्चीवर होती. डोक्यावर लोकरीची टोपी, मांडीवर हात. गेले चाळीस दिवस ती त्या खुर्चीपासून बिछान्यापर्यंत आणि बिछान्यापासून खुर्चीपर्यंत.

"नारिंग फुललंय," ती म्हणाली.

"खिडकी बंद कर, वारा आहे."

तिने बंद केली.

दहाच्या सुमाराला बेल वाजली. दार उघडलं तर कुणी नाही, उंबऱ्याबाहेर निळा वाडगा, वर झाकण, झाकणाखाली आश, दाटसर गरम सूप. शेवया, पालक, राजमा, वरून आटवलेल्या दह्याची पांढरी धार आणि तळलेला पुदिना. लाच, तो मनात म्हणाला. कुलूप काढावं म्हणून लाच. किती हातांनी ढवळलं असेल, किती जणांनी मीठ बघितलं असेल, आणि त्यातली एखादी शिंकलीही असेल. हातमोजे चढवून त्याने वाडगा उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि मोरीत ओतला. शेवया जाळीत अडकल्या. बोटाने ढकलाव्या लागल्या. पुदिन्याचा वास घरभर झाला आणि त्याला भूक लागली — आणि त्या भुकेचाही त्याला राग आला. मग वाडगा क्लोरीनने घासला, दोनदा. खाली नेऊन अकदसच्या दाराशी ठेवला, बेल दाबली आणि कुणी यायच्या आत वर आला.

"कोण होतं?" पूरानने विचारलं.

"अकदसने आश पाठवलं होतं."

"होतं?"

"टाकून दिलं. वाडगा परत केला."

"वाडग्यात काय घातलंस?"

तो हातमोजे काढत राहिला. एकेक बोट.

"रिकामा दिलास?" तिचा आवाज चढला नाही, चढवायला ताकद नव्हती. "इरज, युद्धात साखर कार्डावर मिळायची, तेव्हा शेजारणीचा वाडगा परत देताना मी दोन खडे घालायची. काहीच नसेल तर पुदिन्याची काडी. चाळीस वर्षांत या घरातून कुणाचं भांडं रिकामं गेलं नाही."

"दिवस कसे आहेत ते बघतेस ना?"

"बघतेय," ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

तुझ्यासाठी करतोय, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पण तुझ्यासाठी म्हटलं की का ते सांगावं लागलं असतं. म्हणून तो गप्प बसला, आणि गप्प बसल्यामुळे जो वाईट ठरला तो ठरला. याची आता त्याला सवय झाली होती. थोडा अभिमानही होता.

पुन्हा बेल वाजली. या वेळी अकदस स्वतः होती. दारापासून चार पायऱ्या खाली थांबलेली, तोंडाला घरी शिवलेला फुलाफुलांचा मास्क, हातात तो निळा वाडगा. डोळे लाल.

"दोन मीटरवर उभी आहे, मोजून घ्या," ती म्हणाली.

"अकदस खानुम, हे बघा..."

"नाही, तुम्ही बघा. माझ्या दारात भिकाऱ्याने सुद्धा असं भांडं ठेवलं नसतं. मला वाईट वाटायचं ते वाटू दे, मी मेलीने तिच्यासाठी आश केलं होतं. पहाटेपासून एकटीने. मास्क लावून, पोरींना स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. तिने सांगितलं तसं, राजमा कमी, पुदिना जास्त."

"तिने कधी सांगितलं?"

"फोनवर. तुम्ही ब्रेडच्या रांगेत गेला होतात." अकदसचा आवाज फाटला. "अंगणात करा असं तीच म्हणाली. माझ्या डोक्यातलं नाही ते! म्हणाली, अकदस, पुढच्या नवरोझच्या तेराव्याला मी नसेन, एकदा उन्हात बसू दे, पोरींचा खेळ बघू दे. लांब बसेन, कुणाला हात लावणार नाही."

जिन्यात कुठेतरी नळ गळत होता.

"तिला माहीत नाही," इरज म्हणाला. काय बोलतोय हे त्याला कळायच्या आत म्हणाला.

अकदसने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांतला राग ओसरला. ते त्याला रागापेक्षा जड गेलं. "शरद ऋतूपासून माहीत आहे तिला, इरज आगा. मला शपथ घातली होती. म्हणाली, त्याला कळू देऊ नकोस. मला काही कळलेलं नाही असं समजून जपतोय, जपू दे... बिचाऱ्याला तेवढंच काम उरलंय." मग मास्कवरून तोंडावर हात ठेवून ती झटकन वळली आणि खाली गेली.

तो दाराशी उभा राहिला. रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. सहा महिने... प्रत्येक वाक्य आधी न्हाणीघरात पुटपुटून बघायचं, डॉक्टरांचे कागद बुटांच्या खोक्यात, फोन आला की गच्चीवर जायचं. आणि ती समोर बसून ऐकत होती, मान डोलावत होती, 'हो का, औषध लागू पडतंय का' असं विचारत होती. माझ्याहून चांगलं. आणि खरं बोलावंसं वाटलं तेव्हा तिने फोन लावला तो खालच्या बाईला, जिला धड पाढे येत नाहीत, जिच्याशी मी चाळीस दिवस भांडतोय. तिला ती म्हणाली, मी नसेन. हे शब्द माझे होते. ते माझ्यासमोर बोलायला हवे होते, रडत. आपण एका गृहिणीचा मत्सर करतोय हे त्याच्या लक्षात आलं, या वयात, या दिवशी, आणि लाज वाटूनही तो मत्सर कमी होईना.

"इरज," आतून पूरानची हाक आली. "कोण होतं?"

आता आत जायचं म्हणजे चेहरा घेऊन जायचं. कुठला? तिला कळलंय हे त्याला कळलंय, एवढं जरी तिने त्याच्या तोंडावर वाचलं तरी तिचं सहा महिन्यांचं काम फुकट जाणार होतं. आणि ते काम तिने किती मन लावून केलं होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? म्हणजे आता आणखी एक खोटं. पण हे कसं बोलायचं ते त्याने कधी घोकलं नव्हतं.

"अकदस होती," तो म्हणाला. आवाज बरा निघाला. "अंगण उघडा म्हणत होती."

"मग? काय सांगितलंस?"

बेत तिचाच होता, आणि तरी तिने ते इतक्या सहज विचारलं, इतकं काहीच नसल्यासारखं, की पहिल्यांदाच त्याला तिची भीती वाटली.