घड्याळाच्या वजनातले छर्रे

"बाबांच्या कामाच्या खोलीत पोरीला बसवू नकोस हं, घाणेरडी आहे ती खोली," असं नणंदेनं फोनवर बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. लाकूडच तर आहे, म्हटलं, मोबाइलपेक्षा बरं.

माझे सासरे मागच्या खोलीत पुरुषभर उंचीचं लंबकाचं घड्याळ घडवत होते. अक्रोडाची पेटी, एकमेकांत अडकणारे सांधे, खिळा म्हणून नाही, सगळं सरसावर. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला. तो शेगडीवर रटरटू लागला की घरभर मढ्याचा वास सुटायचा, माझा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा. भांडं कधी घासायचं नाही. कालच्या सायीवर आजचा सरस. त्यात पडलेली माशी सासरे बोटानं काढायचे आणि बोट विजारीला पुसायचे.

ठकी मात्र तिथे रमायची. दीड वर्षाची पोर, रंध्याखालून निघालेल्या कुरळ्या सालींत बसून आजोबांची नक्कल करायची. मी उंबऱ्यावर डोळ्यांत तेल घालून उभी. पटाशी वर ठेवली का? शेगडी लांब आहे ना?

"सूनबाई, तू पोलिसात का नाही गेलीस गं?" सासरे म्हणायचे. हल्ली त्यांचं बोलणं तोंडात काही धरल्यासारखं यायचं. वय झालं, दुसरं काय, असं मला वाटायचं.

पेटीच्या जोडीनं घड्याळाला ओढ देणारी वजनं भरायचं कामही कित्येक महिने चालू होतं. पितळेच्या नळ्या, आत शिशाचे बारीक छर्रे. ते कमीजास्त करत वजन जुळवायचं. एका दुपारी ठकीचं तोंड पुसताना गालात काहीतरी टणक लागलं. मी बोट घातलं. काळपट दाणा निघाला, लाळेनं बुळबुळीत.

"बाबा, हे काय?"

उत्तर द्यायला आधी त्यांना तळहातावर थुंकावं लागलं. लाळेची तार, राखाडी फेस आणि त्यात तसलेच मूठभर दाणे.

"छर्रे. हात मोकळे नकोत का? जन्मभर खिळे ओठांत धरले, तसंच हे. एकेक नळीत सोडायचा."

"बाबा, शिसं आहे ते! विष आहे!"

"अगं, गिळतंय कोण?"

"आणि हिच्या तोंडात कसा गेला?"

"मागत होती बिचारी. मी सोडतो तसा तीही सोडते नळीत, टण्णकन. हुशार आहे." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाले, "जमिनीवरचा नाही दिला काही. माझ्याच तोंडातला, स्वच्छ."

मी तिथेच, त्या लाकडाच्या सालींवर भडाभडा ओकले.

दवाखान्यात काढलेल्या ठकीच्या पोटाच्या फोटोत दोन पांढरे ठिपके दिसले. ते बाहेर पडेपर्यंत मी तिची शी काडीनं चिवडत बसायचे, नाकाला पदर नाही की काही नाही. वास हुकला तर दाणा हुकेल असं वेड्यासारखं वाटायचं. दोन्ही निघाले. रक्तात शिसं सापडलंच, पण थोडं. उतरेल, पुन्हा तपासू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्या सासऱ्यांकडे वळल्या.

"आजोबा, आ करा."

"मला काय धाड भरलीय?"

"करा तर."

हिरड्यांच्या कडेनं निळी-काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. सारखं दुखणारं पोट, थरथरणारा हात, सगळं आम्ही वयाच्या नावावर खपवलं होतं. त्यांच्या रक्ताचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी त्यांना तिथेच ठेवून घेतलं.

ठकी "आबा, आबा" करत त्यांच्या पलंगाकडे झेपावते. मी तिला घट्ट धरते. त्यांनी तिचा पापा घ्यायला तोंड पुढे केलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. लाज वाटते, पण येतो.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस हातानं काही घडवत असेल, तर कौतुक मागाहून करा. आज त्याला उजेडात बसवून आधी आ करायला सांगा. आणि त्याच्या पायाशी एखादं पोर खेळत असेल, तर त्या पोराच्या गालात बोट घालून बघा, पार दाढेच्या मागेपर्यंत.