टिटवीच्या अंड्यांवरची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. ऋतुजाताईंनी मला नवी पेठेतून आणलं. सोलापुरात छत्रीला पावसापेक्षा उन्हाचंच काम जास्त. त्यांची आरोही तान्ही होती तेव्हापासून तिच्या डोक्यावर मीच. "ही छत्री म्हणजे आरोहीची दुसरी आईच की!" शेजारणी हसायच्या. मला अभिमान वाटायचा.

यंदा ताई हिप्परगा तलावाच्या काठावर टिटवीची घरटी मोजणाऱ्या गटात गेल्या. पगार नाही, नुसती हौस. नियम एकच: पन्नास पावलं लांब थांबायचं, दुर्बिणीतून बघायचं, वहीत लिहून परत फिरायचं.

एप्रिलातली सकाळ. दहालाच खडे तापलेले. टिटवी चार अंडी उघडी टाकून पाण्याकडे पळाली. ताईंचा जीव कासावीस झाला. "अगं, भाजतील की ती!" म्हणत त्या थेट घरट्यापाशी गेल्या, मला उघडून दगडांत रोवलं आणि निश्चिंत मनानं घरी गेल्या. मीही फुशारून उभी राहिले.

टिटवी परतली ती ओलं पोट घेऊन. तेव्हा मला कळलं, ती पळाली नव्हती. अंड्यांना गारवा द्यायला पोट भिजवून आणायला गेली होती. पण मला बघून बिचकली. ओरडत घिरट्या घालू लागली. पुन्हा पाण्यावर, पुन्हा माझ्यापर्यंत. त्यातच ऊन कललं आणि माझी सावली अंड्यांवरून सरकली. मला मात्र सरकता येईना, मिटताही येईना.

संध्याकाळी ताई आरोहीला घेऊन आल्या तेव्हा टिटवी गप्प होती. मेंढरं घेऊन निघालेले तात्याबा थांबले.

"दिसभर वरडत हुती ओ. छत्रीला भिऊन जवळच जाईना."

"मग काढायची ना, तात्या!"

"आमाला वाटलं, शिकल्याली माणसं हायती, आसंल कायतरी यंत्र."

त्यांनी एक अंडं उचलून कानाशी धरलं. "गेली ओ ताई. लई तापल्याती."

ताईंनी वहीत लिहिलं, 'चार अंडी. उन्हाने गेली.'

"आई, छत्रीचं लिही ना," आरोही म्हणाली.

ताईंनी ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'नियम मोडून मी जवळ गेले, छत्री रोवली. त्यामुळे गेली.' खाली पूर्ण नाव लिहिलं.

मित्रांनो, अजूनही उघडताना मला लाज वाटते. कुणाचं पिल्लू उघड्यावर दिसलं तर लगेच धावू नका. आधी लांब उभे राहा. त्याची आई कुठे गेली आहे ते बघा. बहुधा ती त्याच्याच कामाला गेलेली असते.